हरवलेल्यांचा रकाना

काम तसं साधं होतं. एचआयव्हीच्या उपचारांवरच्या एका शोधनिबंधाचा सारांश मराठीत करून द्यायचा होता. दोन पानं मजकूर आणि एक तक्ता. पानं तासाभरात झाली, तक्त्यापाशी मात्र अडले. चारच ओळींचा तक्ता. जिवंत आणि उपचारावर असलेले, मृत्यू पावलेले, दुसऱ्या केंद्रात बदली झालेले, आणि चौथी ओळ: 'लॉस्ट टू फॉलो-अप', म्हणजे उपचाराला येईनासे झालेले. पहिल्या तीन ओळींना शब्द आपसूक मिळाले. चौथीपुढे कर्सर लुकलुकत राहिला. आधी लिहिलं, 'पाठपुराव्यातून सुटलेले'. पण सुटलेले म्हटलं की सुटका झाल्यासारखं वाटतं. मग 'गळालेले' लिहिलं. तेही पानगळीसारखं वाटलं, आपोआप झालेलं, कुणाचाच दोष नसलेलं. 'बेपत्ता' म्हटलं तर पोलिसांत तक्रार दिल्यासारखं. शेवटी 'हरवलेले' असं लिहून टाकलं, फाईल पाठवली आणि दिवा मालवला.

अंथरुणावर पडल्यावर तोच शब्द परत समोर आला. 'ते हरवले' म्हटलं की हरवण्याचं काम त्यांचंच होतं. जत्रेत बोट सोडून गेलेल्या पोरासारखे तेच कुठेतरी गेले. कर्ता बदलून पाहिला: 'आम्ही त्यांना हरवलं.' आपल्या भाषेची गंमत अशी की पेन हरवला तर तो नुसता हरवतो, पण माणसाला हरवलं म्हटलं की त्याचा पहिला अर्थ निघतो, आम्ही त्याचा पराभव केला.

दोन्ही वाक्यं खरी वाटत होती, म्हणूनच झोप येईना.

दुसऱ्या दिवशी ताईंना फोन केला. ताई म्हणजे माझ्या ओळखीच्या एक बाई. त्यांनी कितीतरी वर्षं एका उपचार केंद्रात नोंदी ठेवायचं काम केलं. त्यांच्या तोंडी हा शब्द कधी पूर्ण यायचाच नाही. 'एलएफयू', एवढंच. 'या महिन्यात अकरा एलएफयू झाले,' असं त्या सांगायच्या. मी शब्दाचं विचारलं तर त्या शब्दाबद्दल काही बोलल्याच नाहीत, रजिस्टरबद्दल बोलायला लागल्या. आडवं, लांबलचक रजिस्टर. टेबलावर उघडलं की दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबायचं. एका माणसाला एक ओळ. सुरुवातीला क्रमांक, वय, वजन, औषध सुरू केल्याची तारीख. मग महिन्यांचे चौकोन, एकाला लागून एक. माणूस येऊन गोळ्या घेऊन गेला की त्या महिन्याच्या चौकोनात त्याच्या औषधाचा संक्षेप भरायचा. नाही आला तर चौकोन रिकामा. पुढचाही रिकामा. ठरलेली मुदत उलटली की त्या ओळीवर लाल शाईनं शेरा मारायचा. "लाल शाईची मला सवय झाली होती गं," ताई म्हणाल्या. "रिकाम्या चौकोनाची कधी झाली नाही. लाल शेरा म्हणजे निदान कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं. रिकाम्या चौकोनात माणूस अजून वाटेत असू शकतो."

ती मुदत किती, याचा मी नंतर शोध घेतला आणि चक्रावून गेले. कुठे शेवटच्या ठरलेल्या तारखेपासून 90 दिवस, कुठे 60. 2011 मध्ये अनेक देशांतल्या केंद्रांच्या नोंदी एकत्र करून झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं सुचवलं की 180 दिवस धरावेत, म्हणजे चुकून हरवलेले ठरवले जाणारे कमी होतील. अलीकडे बऱ्याच कार्यक्रमांत 28 दिवस न आलेल्याचा उपचार खंडित झाला असं धरतात. म्हणजे तोच माणूस, तेच आजारपण, तोच चुकलेला सोमवार, आणि एका नियमात तो हजर तर दुसऱ्यात हरवलेला. संशोधनासाठी कुठेतरी रेघ मारावीच लागते हे मला कळतं. तरीही ती रेघ कुणाच्यातरी ओळीवरून जाते, हे ताईंचं रजिस्टर डोळ्यांपुढे आल्यावर जास्त कळलं.

मग त्या रिकाम्या चौकोनातली माणसं जातात कुठे? हा प्रश्न संशोधकांनाही उशिराच पडला. 2000 नंतरच्या दशकात आफ्रिकेतल्या देशांत औषधं पोहोचू लागली, तेव्हाचे पहिले अहवाल फार आशादायक होते. उपचारावर असलेल्यांतले मृत्यू अपेक्षेपेक्षा कमी दिसत होते. मात्र त्या आकड्यांत एक पोकळी होती. जो येईनासा झाला तो 'मृत्यू' या ओळीत जायचा नाही, 'हरवलेले' या ओळीत जायचा. 2009 मध्ये, अशा हरवलेल्यांचा माग काढणारे जेवढे अभ्यास हाती लागले तेवढे एकत्र करून एक आढावा घेतला गेला. ज्यांचा पत्ता लागला त्यांच्यातले सरासरी 40 टक्के मरण पावलेले होते. दर शंभरांत चाळीस. केंद्र ज्यांची वाट पाहत होतं, त्यांतल्या कित्येकांचे अंत्यविधी होऊन महिने लोटले होते आणि रजिस्टरला खबर नव्हती. हे वाचून मी खुर्ची मागे सरकवून जरा वेळ नुसती बसून राहिले. बरी दिसणारी आकडेवारी कुणाच्यातरी गैरहजेरीवर उभी होती.

युगांडातल्या म्बरारा इथल्या दवाखान्यात एल्व्हिन गेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पोकळीवर जो उपाय काढला तो मला फार आवडतो, कारण तो एकाच वेळी गणिताचाही आहे आणि पायपिटीचाही. हरवलेल्या सगळ्यांना शोधायला माणसं नाहीत, पैसे नाहीत. मग त्यांच्यातले थोडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे, पण त्या थोड्यांना मात्र काही झालं तरी शोधून काढायचं. माणूस पाठवायचा, गावात विचारायचं, दार वाजवायचं. त्यांचं जे कळेल त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधायचा आणि मृत्यूचा खरा आकडा दुरुस्त करायचा. दार उघडलं गेलं तेव्हा कारणं समजली. सगळ्यांत वर होतं येण्याजाण्याचं भाडं. मग अंतर, कामावरची रजा, घरात पोराला सांभाळायला कुणी नसणं. गोळ्या फुकट होत्या, पण त्यांच्यापर्यंतचा रस्ता फुकट नव्हता. पुढच्या वर्षांत असेच माग काढताना आणखी एक गोष्ट दिसत गेली. हरवलेल्यांतले बरेच जण कुणाला न सांगता घराजवळच्या दुसऱ्या केंद्रात जाऊ लागले होते. इकडे त्यांच्या ओळीवर लाल शेरा, तिकडे त्याच सकाळी ते दुसऱ्या रांगेत उभे.

खरं तर हरवायलासुद्धा आधी यादीत नाव लागतं. हे मला फार उशिरा सुचलं आणि सुचल्यावर जुनी टिपणं काढून बसले. 1996 मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधं एकत्र दिली की विषाणू दबतो हे जगासमोर आलं. श्रीमंत देशांत अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामावर जायला लागली. त्या उपचाराचा वर्षाचा खर्च माणशी 10,000 डॉलरच्या वर होता. ज्या देशांत सगळ्यांत जास्त रुग्ण होते तिथे या औषधांचा विचारही परवडण्यासारखा नव्हता. 2000 मध्ये डर्बनच्या परिषदेत न्यायाधीश एडविन कॅमेरून व्यासपीठावर उभे राहिले. आपल्याला एड्स झालेला आहे आणि आपण जिवंत आहोत ते केवळ औषधं विकत घेऊ शकतो म्हणून, असं त्यांनी सांगितलं. सभागृहाबाहेर त्यांच्याच देशात लाखो लोकांना ती मुभा नव्हती. पुढच्या वर्षी, 2001 च्या फेब्रुवारीत, सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तोच तिहेरी उपचार वर्षाला 350 डॉलरला द्यायची तयारी दाखवली. त्याच एप्रिलमध्ये 39 औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्धचा, स्वस्त औषधांच्या कायद्यावरून भरलेला खटला मागे घेतला. या तारखा मला पाठ झाल्यात. एखाद्या घरातल्या मोठ्या माणसांना पुराचं साल पाठ असतं तशा.

पण त्या दिवसांतली एक गोष्ट अजूनही सलते. औषधं स्वस्त झाली तरी ती आफ्रिकेत द्यावीत की नाही यावर वाद चालू होता, आणि वादातला एक मुद्दा घड्याळाचा होता. अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू नॅटसिओस यांनी 2001 मध्ये असं म्हटलं की आफ्रिकेतल्या अनेकांना पाश्चात्त्यांची वेळ ही कल्पनाच ठाऊक नाही, मग ते ठरल्या तासाला गोळ्या कशा घेणार. मोठ्या पदावरचा माणूस हे बोलत होता. माणसं पहाटे उठून किती मैल चालत येतात, रांगेत उन्हं डोक्यावर येईपर्यंत बसतात, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. याला उत्तर मिळालं ते 2006 मध्ये, एका वैद्यकीय नियतकालिकात, अजिबात आवाज न चढवता. उत्तर अमेरिका आणि आफ्रिका इथल्या अभ्यासांची बेरीज करून संशोधकांनी पाहिलं की गोळ्या नेमानं घेणाऱ्यांचं प्रमाण किती. उत्तर अमेरिकेत 55 टक्के. आफ्रिकेत 77 टक्के.

त्या दोन आकड्यांपाशी मी दर वेळी थांबते.

संशोधन म्हणजे कोरडं काम असं आपण धरून चालतो, पण कधी कधी त्याइतकी मायेची गोष्ट नसते. केनियातल्या तीन दवाखान्यांत झालेला एक प्रयोग 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोग एवढाच, की उपचार सुरू केलेल्या अर्ध्या लोकांना दर सोमवारी सकाळी मोबाइलवर एका शब्दाचा संदेश पाठवायचा: 'मांबो?' स्वाहिलीत त्याचा अर्थ, कसं काय? गोळी घेतलीस का, असं विचारायचं नाही. आजाराचं नावही नाही. त्यांनी दोन दिवसांत उत्तर द्यायचं. 'सावा' म्हणजे सगळं ठीक. 'शिडा' म्हणजे अडचण आहे. शिडा आलं किंवा काहीच आलं नाही, तर दवाखान्यातून फोन जायचा. वर्षभरानं रक्त तपासलं तेव्हा ज्यांना संदेश जात होते त्यांच्यातल्या 57 टक्क्यांचा विषाणू दबलेला होता, बाकीच्यांत 48. फरक डोंगराएवढा नाही. पण एका शब्दाच्या मानानं तो किती मोठा आहे! कुणीतरी आपली काळजी करतंय असं वाटतं, असं त्यातल्या लोकांनी सांगितलं होतं. मला दिसतं ते असं: चुलीपाशी किंवा वाहनात किंवा कामाच्या ठिकाणी खिशातला फोन थरथरतो. शेजारी बसलेल्यानं डोकावून पाहिलं तरी काही बिघडत नाही. कुणीतरी विचारतंय, कसं काय.

डोकावून पाहणाऱ्याची भीती ही या आजारातली अर्धी लढाई. ताई गोळ्या मोजायच्या. आधीच्या महिन्यातल्या उरलेल्या गोळ्या माणसानं डबीसकट परत आणायच्या, मग त्या ट्रेमध्ये ओतायच्या आणि चपट्या पट्टीनं पाच-पाच करून कडेला सारायच्या. पाच, दहा, पंधरा. गोळ्यांचा प्लास्टिकवर होणारा बारीक टकटक आवाज. समोरच्या खुर्चीतला माणूस तेव्हा कधी ट्रेकडे बघत नसे. तो ताईंच्या चेहऱ्याकडे बघायचा. "सगळ्यांचा हिशोब जुळायचा," ताई म्हणाल्या. "इतका जुळायचा, की मला वाईट वाटायचं."

त्या असं का म्हणाल्या ते मला 'व्हॉइस' नावाच्या चाचणीचं वाचल्यावर उमगलं. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे इथल्या 5,000 हून अधिक स्त्रियांना, ज्यांना एचआयव्ही नव्हता, तो होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी किंवा वापरायचं जेल दिलं होतं. विचारल्यावर त्यांनी सांगितलेला नेम 90 टक्के. परत आलेल्या गोळ्या मोजल्या, 86 टक्के. हिशोब जुळत होता. तरी संसर्ग थांबत नव्हता. मग साठवलेलं रक्त तपासलं. औषधाचा अंश सापडला तो दहातल्या जेमतेम तीन नमुन्यांत. हे समोर आलं तेव्हा या स्त्रिया खोटं बोलल्या असा सूर लावणं सोपं होतं. पण काही संशोधक त्याच स्त्रियांकडे परत गेले, रक्ताचे निकाल त्यांच्यापुढे ठेवले आणि शांतपणे विचारलं, काय झालं होतं? मग एकेक गोष्ट बाहेर आली. ही डबी एचआयव्हीच्या रुग्णांना मिळते तशीच दिसते. घरात दिसली तर सासर काय म्हणेल, नवरा काय समजेल. धडधाकट बाईनं रोज रोगाची गोळी का घ्यायची. कुणीतरी सांगितलं यानं अंग बिघडतं. काहींनी तपासणीला जायच्या आधी गोळ्या फेकून दिल्या होत्या, म्हणजे मोजणी बरोबर भरेल. कारण दवाखान्यातल्या लोकांचा विश्वास त्यांना मोडायचा नव्हता. मला यात लबाडी दिसत नाही. मला एक बाई दिसते, जिला एका बाजूला घर सांभाळायचंय आणि दुसऱ्या बाजूला, आपल्याशी नीट बोलणाऱ्या त्या ताईचं मन.

म्हणून 2024 मधला तो निकाल मी वाचला तेव्हा डोळे भरून आले. लेनाकापाविर नावाचं औषध, सहा महिन्यांतून एकदा टोचायचं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्याच तरुण मुली आणि स्त्रिया. ते मिळालेल्या 2,134 जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. शून्य. घरात लपवायला डबी नाही, मोजायला ट्रे नाही. वर्षातून दोनदा सुई टोचून घ्यायची, बस. व्हॉइसमधल्या बायकांनी जे तोंडानं सांगितलं नव्हतं आणि रक्तानं सांगितलं होतं, ते कुणीतरी ऐकलं, असं त्या शून्याकडे बघताना वाटलं.

शून्यावरून आणखी एक जुनी गोष्ट आठवते. पण हे शून्य चुकून लिहिलं गेलं होतं. 1981 च्या 5 जूनला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची छोटीशी नोंद आली. त्यातले दोघं तोवर गेले होते. त्यानंतर हा आजार एकाकडून दुसऱ्याकडे जातो का हे पाहण्यासाठी एक तक्ता तयार झाला. वर्तुळं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, 40 माणसांचा. त्यातला एक कॅलिफोर्नियाबाहेरचा होता, कॅनडाचा विमान-परिचर. 'बाहेरचा' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर, 'ओ', त्याच्या वर्तुळावर लिहिलं गेलं. पुढे कुणीतरी ते अक्षर शून्य म्हणून वाचलं. 1984 च्या शोधनिबंधात 'पेशंट झिरो' असं ते शून्य छापून आलं, 1987 च्या एका गाजलेल्या पुस्तकानं त्याचं नाव जाहीर केलं, आणि गेटान दुगा हा माणूस मेल्यावर तीन वर्षांनी सगळ्या साथीचं मूळ ठरला. त्याचं वर्तुळ तक्त्याच्या मधोमध का आलं? एक मोठं कारण म्हणजे त्यानं तपास करणाऱ्यांना मनापासून मदत केली, आठवतील तेवढी नावं दिली. जे बोलले नाहीत त्यांच्या वर्तुळांना रेघा कमी. 2016 मध्ये जुन्या साठवलेल्या रक्तातल्या विषाणूंची जनुकं तपासून सिद्ध झालं की विषाणू 1970 च्या सुमारासच न्यू यॉर्कला पोहोचला होता आणि दुगाचा विषाणू त्या वंशवृक्षात कुठेतरी मधल्या फांदीवर होता. निर्दोष ठरायला त्याला मरणानंतर 32 वर्षं लागली. एका अक्षराच्या वाचनानं.

तेव्हापासून शब्दांबाबत मी जास्त हळवी झाले असेन. पण हा हळवेपणा माझ्या एकटीचा नाही. 1983 मध्येच डेन्व्हरला एका परिषदेत आजारी माणसांचा एक लहान गट व्यासपीठावर गेला होता. तेव्हा विषाणू नुकता कुठे पॅरिसच्या प्रयोगशाळेत सापडला होता, औषध तर कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी पहिली मागणी शब्दाची केली. आम्हाला बळी म्हणू नका, कारण त्यात पराभव आहे. रुग्ण आम्ही कधीतरीच असतो. आम्ही एड्स असलेली माणसं आहोत. मरण समोर दिसत असताना ही माणसं आपल्याला काय म्हणावं यावर बोलली. पराभव हा शब्द त्यांनीही वापरला होता, हे मला परवा नव्यानं जाणवलं. 'आम्ही त्यांना हरवलं.'

आणि आता मोजणाऱ्यांचीच हरवायची पाळी आली आहे. मोजणी नीट झाली की काय होतं हे 2007 मध्ये जगानं पाहिलं होतं. तोवर बऱ्याच देशांचे अंदाज मुख्यतः प्रसूतिपूर्व दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांच्या तपासणीवर बेतलेले होते. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणारी पाहणी झाली, तेव्हा एकट्या भारताचा आकडा 57 लाखांवरून 25 लाखांच्या आसपास आला, आणि जगाचा अंदाज 3 कोटी 95 लाखांवरून 3 कोटी 32 लाखांवर. संस्थांना चूक कबूल करावी लागली, टीका झाली, तरी आकडा बदलला गेला. मला यात त्या कामाची सचोटी दिसते. घरोघरच्या पाहण्यांना गेली चाळीस वर्षं बळ देणारा, अमेरिकी पैशावर चालणारा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम 2025 च्या सुरुवातीला थांबवला गेला. त्याच महिन्यांत अमेरिकेची परदेशी मदत गोठवली गेली आणि कितीतरी केंद्रांतल्या समुपदेशकांना, नोंदी ठेवणाऱ्यांना, दार वाजवायला जाणाऱ्या माणसांना घरी बसवलं गेलं. 2024 च्या अखेरीस जगात 4 कोटी 8 लाख माणसं एचआयव्हीसह जगत होती. 3 कोटी 16 लाख उपचारावर होती. 2004 मध्ये वर्षाला 21 लाख मृत्यू होत, ते 6 लाख 30 हजारांवर आले होते. ही उतरण कुणी आपोआप आणलेली नाही. ताईंसारख्यांनी एकेक चौकोन भरत आणली. रजिस्टर भरणारंच कुणी नसेल तर रिकामा चौकोनही उरत नाही. मग कोण आलं नाही हे सांगणार कोण? हे लिहिताना मला राग येतोय आणि तो लपवायची इच्छा नाही.

तक्त्यातली ती ओळ मी शेवटी बदलली. 'ज्यांचं पुढे काय झालं हे आम्हाला कळलं नाही' असं लिहून पाठवलं. संपादकांचं उत्तर आलं की रकान्यात मावत नाही, दोन शब्दांत काहीतरी द्या. मी 'संपर्क तुटलेले' असं दिलं. वाईट नाही. कोणाकडून तुटला ते त्यातून कळत नाही, एवढंच.

ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग एका बाईचं सांगायला लागल्या. चौदा महिने न आलेली. लाल शेरा मारून झालेला. एका सकाळी ती दारात उभी, कडेवर झोपलेलं मूल, वजन निम्म्यावर आलेलं. रांगेत न बसता भिंतीला टेकून उभी राहिली. ताईंनी रजिस्टर उघडलं. मृत्यू, बदली, थांबवलं, हरवलं, सगळ्यांना संक्षेप होते. परत आलेल्या माणसासाठी काही नव्हतं. शाईनं मनाचं काही लिहायची परवानगी नव्हती. म्हणून त्यांनी लाल शेऱ्याच्या शेजारी पेन्सिलीनं 'परत' एवढं लिहिलं. बाई बोलणी खायच्या तयारीनंच आली होती. खांदे आवळलेले, नजर जमिनीवर, उत्तरं तोंडात तयार. ताईंनी खुर्ची पुढे ओढली, मुलाचं डोकं टेकेल अशी, आणि विचारलं, "कशी आहेस?"